बमरोलीचे पाणी

माय, तुला अक्षरओळख नव्हती आणि माझे सारे आयुष्य इतरांची अक्षरे तपासण्यात गेले. तेव्हा तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न कागद घेण्यापूर्वीच मला पडला होता. अध्यापन विद्यालयातून परतल्यावर मी तुला ‘आई’ म्हणू लागलो होतो. तू त्या हाकेलाही ओ दिलीस, कधी काही बोलली नाहीस. आज मात्र लेखणी आपोआप ‘माय’वर गेली, आणि मी ती अडवली नाही. तुला जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी केव्हाच निवृत्त झालो. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे आणि गेला आठवडाभर मी फार समाधानात आहे. त्या समाधानाचे कारण म्हणजे माझी नात, तुझी पणती. ती जन्मली तेव्हा तू नव्हतीस; परंतु हनुवटी तिने थेट तुझीच घेतली आहे.

ही मुलगी रॅप करते. म्हणजे तालावर, गाण्यापेक्षा बोलण्याला अधिक जवळ अशा रीतीने, यमके जुळवत घडाघडा म्हणत जाते. प्रकार अमेरिकेतला. अर्धे हिंदी, पाव गुजराती आणि उरलेले इंग्रजी अशी तिची भाषा ऐकून मी पहिल्याच दिवशी तिच्या सात चुका काढल्या. त्यावर ती म्हणाली, “आजोबा, चुका मोजल्यात, पण ताल ऐकलात का?” ऐकला नव्हता. मग तिने मला स्वयंपाकघरात नेले आणि ओट्यावर सगळी अमेरिका मांडली. उजवीकडे एक वाटी, ते न्यू यॉर्क. ही कला तिथल्या गरीब वस्तीत जन्मली, म्हणून तिथल्या लोकांचा ताठा असा की आम्ही मूळचे, बाकीचे नकलाकार. डावीकडे दुसरी वाटी, ते लॉस एंजेलिस. तिथल्या मुलांनी आपल्या गल्ल्यांची नावे, आपल्या मोटारी, आपले ऊन, सारे गाण्यात आणले आणि न्यू यॉर्कला बजावले की तुमच्यावाचून आमचे अडत नाही. दोन्ही किनाऱ्यांचे गाण्यातले हे भांडण इतके पेटले की त्याच काळात दोन तरुण गायक गोळ्या लागून मरण पावले. हे ऐकल्यावर मी तिला हे सगळे बंद करायला सांगणार होतो; पण तिने तेवढ्यात मिठाची बरणी उचलून खाली, ओट्याच्या कडेला ठेवली. “हे साऊथ. अटलांटा, ह्यूस्टन. यांच्या बोलीला दोन्हीकडचे हसायचे, गावठी म्हणायचे. यांनी बोली बदलली नाही, आजोबा. आता सगळं जग यांच्यासारखं गातं.” आपल्या भागाच्या टेलिफोनचा आकडासुद्धा ही मुले अभिमानाने गाण्यात घालतात, असेही तिने सांगितले. मी बरणीकडे पाहत राहिलो. गावठी हा शब्द तिने सहज उच्चारला होता, पण मला ओट्यापाशी उभा असलेला मी आठवलो, आणि जमिनीवर पाट घेऊन बसलेली तू.

तो प्रसंग नंतर सांगतो. आधी तुझा सोमवार सांगू दे, पन्नास वर्षांपूर्वीचा. श्रावणातला रविवार आपल्या कानबाई देवीला बसवण्यात आणि तिच्या नैवेद्याचे रोट करण्यात गेला आहे, आणि आज सोमवारी आपण तिला तापीवर पोहोचवायला निघालो आहोत. सुरतेच्या कतारगाम भागातल्या खानदेशी बायकांना नदी जवळ, आपल्याला बमरोलीहून टेम्पो करावा लागतो. घाटावर त्यांची मिरवणूक आधीच पोहोचलेली असते आणि तिच्या पुढ्यात कमरेला पदर खोचून उभी असते तुझी सख्खी धाकटी बहीण. मावशीचे यजमान हिऱ्यांच्या कारखान्यांशेजारच्या एका कापडखात्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत. हिरा त्यांच्यापैकी कोणी हातात धरला नव्हता, तरी त्या शेजाराचा तोरा मावशीला भारी. तू कानबाईला नमस्कार करतेस, पुढे होतेस आणि बहिणीच्या कानाकडे बोट दाखवून सुरू करतेस:

हिरासना शेजारे ऱ्हास, तरी कानमा पितय,
बमरोलीनं पानी पी वं, जीव व्हई शितय.

हिऱ्यांच्या शेजारी राहतेस आणि कानात पितळ. आमच्या बमरोलीचे पाणी पी, जीव निवेल. आपल्या बायका हे तीनदा उचलून धरतात. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि बाजूच्या रंगाईच्या गिरण्यांमुळे त्यावर कधी तांबूस झाक असे, हे घाटावर सर्वांना ठाऊक होते. मावशीने ते हातचे सोडले असते तरच नवल:

बमरोलीनं पानी पीसन दात व्हयनात लाल,
हासू नको बहिनबाई, पदरखाल झाक गाल.

तू हसतेस, आणि मुद्दाम सगळे दात दाखवून हसतेस. तास दीड तास असे चाले. हरले कोण, ते कधी ठरले नाही. मग कानबाईचे विसर्जन होई आणि मावशी आपल्या फडक्यातला रोट तुझ्या तोंडात घाली. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो, मराठी शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो, आणि माझा एखादा विद्यार्थी हे ऐकत नाही ना, एवढेच पाहत घाटावर मान खाली घालून उभा असे.

त्याच वर्षी तू म्हणालीस की गाणी विसरायला होतात, लिहून ठेव. मी दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची वही आणली. तू पाटावर बसून तांदूळ निवडत सांगायचीस, मी ओट्यावर वही ठेवून उभ्याने लिहायचो. पहिल्याच गाण्याला मी म्हणालो की बमरोली काढू, बाहेरच्या कोणाला हे गाव कळणार नाही, आणि बोलीही गावठी वाटते. तू सुपातून मान वर न करता म्हणालीस, “ज्याले बमरोली म्हाईत नही, त्यानासाठे मी गाना म्हनत नही.” मी ‘बरे’ म्हणालो आणि लिहिले मात्र माझ्या मनाचे. तुझ्या ओळीचे मी असे केले: ‘रत्नांच्या शेजारी वसशी, तरी कर्णी पितळ, आमुच्या नगरीचे जल प्राशी, जीव होईल शीतळ.’ लूम गेले, रंगाई गेली, कतारगाम गेले. चाळीस गाण्यांतून मी सुरत पुसून टाकली आणि त्याला संस्करण असे नाव दिले. मात्र एक अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. दरवर्षी श्रावण लागला की तू मला वही वाचायला बसवू लागलीस. डोळे मिटून, ओठ हलवत तू ऐकणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तुला कळणार. म्हणून मी समोर वही धरून तुझी गाणी तोंडपाठ म्हणत असे. चुकू नये म्हणून शाळेच्या वाटेवर त्यांची उजळणी करीत असे. अशी किती वर्षे गेली!

आता पणतीकडे येतो. दोन महिन्यांपूर्वी इच्छापोरला, एका कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये, रविवारी दुपारी रॅप करणाऱ्या मुलांचा सामना होता. हिने लॉस एंजेलिसच्या समुद्राचे आणि ताडांच्या रस्त्यांचे काहीतरी म्हटले. समोर कतारगामचा मुलगा होता, हिरे घासणाऱ्याचा. त्याने शांतपणे विचारले, “सारुं छे, पण तू क्यांनी?” छान आहे, पण तू कुठली? सारी शेड हसली आणि हिचा सामना तिथेच संपला. घरी येऊन ती म्हणाली की आपण ना धड गुजराती, ना धड महाराष्ट्रातले. यापुढे गाणे नको. दोन दिवस तिने कानात ती गाणी ऐकायची बोंडे घातली नाहीत. बडबड्या मुलीचे ते गप्प बसणे मला सोसले नाही. मी कपाटातून वही काढून तिच्यापुढे ठेवली. ही तुझ्या पणजीची गाणी, ती घाटावर सामने करायची, असे सांगितले. तिने दहा-बारा पाने वाचली आणि माझा मान राखत म्हणाली, “आजोबा, भारी आहे. पण ही नगरी कुठली? ही कोणतीही होऊ शकते.”

पन्नास वर्षांत माझ्या मराठीतला दोष इतक्या नेमकेपणाने कोणी दाखवला नव्हता. मी तिला सगळे सांगितले: काय काढले, का काढले, आणि तुला काय वाचून दाखवत आलो. ती रागावली नाही. “म्हणजे खरी गाणी तुमच्याकडे आहेत ना?” एवढेच विचारून तिने ध्वनिमुद्रण सुरू करून फोन माझ्यापुढे ठेवला. चाळीसच्या चाळीस गाणी निघाली, माय. सहा संध्याकाळी लागल्या. मध्येच तिने वही उलटत एका शब्दावर बोट ठेवले. त्यावर कुंकवाचा जुना, घट्ट डाग होता. “हे काय?” मी म्हणालो, “पूजेत उडाले असेल.”

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर इच्छापोरला गेलो. मला एका खोक्यावर बसवण्यात आले. तोच कतारगामचा मुलगा पुढे आला आणि हिने आधी त्याच्या कानाकडे बोट दाखवले. मग त्यांच्या त्या धडधडत्या तालावर, एकही शब्द न बदलता, तुझ्या दोन ओळी म्हटल्या आणि त्यांना जोडून आपल्या गल्लीतल्या लूमांचे, पाण्याच्या टाकीचे, माझ्या लाल पेनाचेसुद्धा वर्णन केले. मागे बसलेली बमरोलीची पोरे उठून उभी राहिली. त्या मुलाने कानातली बाळी चाचपली आणि म्हणाला, “आ पित्तळनुं नथी, हों.” हे पितळेचे नाही बरे. मग तोही हसला. पहिला क्रमांक त्यालाच मिळाला, आणि तो योग्यच होता. त्याचा श्वास हिच्याहून लांब टिकतो. पण जाताना त्याने हिच्याकडून ‘शितय’चा अर्थ विचारून घेतला. परतीच्या रिक्षात ती वाटभर बडबडत होती. मी तिची एकही चूक काढली नाही.

कुंकवाचे मात्र मी तिला खोटे सांगितले. एका श्रावणात तू वहीजवळ सरकून म्हणालीस, “अठे बमरोली कोठे शे? माले दखाड.” मी तुझे बोट धरले आणि ‘नगरी’ या शब्दावर ठेवले. तू तो शब्द बराच वेळ पाहिलास, त्यावर कुंकू लावलेस, आणि पुढे दरवर्षी लावत राहिलीस. आपल्याकडच्या पाट्या सगळ्या गुजराती लिपीत. त्यामुळे तुझी चूक तुला कोणतीही भिंत दाखवू शकली नाही. माले एक शब्द वाचता येस, असे तू शेजारणींना अभिमानाने सांगायचीस, आणि मी तिथेच उभा असायचो. माय, त्या कुंकवाखाली बमरोली नाही. हे पत्र मी त्याच पानात ठेवतो आहे.