तटस्थ बंदरातलं घर

१८ एप्रिल २००४
पोचलो बुवा एकदाचा! ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर चारुदत्त आणि कल्याणीवहिनी दोघंही हजर. चारुदत्त माझ्या आतेभावाचा वर्गमित्र, शहरातल्या हॉर्नबी भागात डॉक्टर आहे, वहिनी तिथेच फार्मसिस्ट. आमची ओळख फक्त फोनवरची, पण माणूस काय दिलदार! हीटर, दोन दुलया, तांदूळ, मेतकूट, फ्रीझरमधल्या पोळ्यांची चळत, सगळं गाडीत भरून डोंगरापलीकडच्या या चिमुकल्या पोर्ट हॅलमपर्यंत सोडायला आले. डेअरी कुठे तेही दाखवलं. डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं दुकान. दूध मिळतं तशा जँडल्सही मिळतात, म्हणजे आपल्या स्लिपरा.

घर म्युझियमनेच दिलंय. पूर्वी बंदरावरच्या अधिकाऱ्याचं होतं. टेकडीवर, लाकडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात लांब बाक, खाली धक्का. पुण्यात म्युझियमच्या पाट्या लिहिता लिहिता जन्म गेला असता, त्याऐवजी सहा महिने हे सगळं माझं!

वहिनी फारच कमी बोलतात. त्यांना काही विचारलं की उत्तर चारुदत्त देतो. असतं एकेका जोडप्याचं.

२४ एप्रिल
काम मजेचं आहे. शंभर वर्षांपूर्वी रशिया-जपानचं युद्ध चालू असताना इथे एक मोडकं रशियन लढाऊ जहाज आलं होतं, त्याचं छोटं प्रदर्शन मांडायचंय. तेव्हा हा देश इंग्रजांची वसाहत, आणि त्या युद्धात तटस्थ. वसाहतीच्या सरकारने हुकूम काढला: लढणाऱ्या कुठल्याही देशाचं जहाज आलं तर चोवीस तास थारा द्यायचा, त्याच्या जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढाच कोळसा द्यायचा, आणि मग चालू पडा. एकाला जे द्याल तेच दुसऱ्याला. मला तर हुकूम जाम आवडला. मी तरी दुसरं काय करत आलो? सोसायटीची भांडणं असोत नाहीतर ऑफिसातलं राजकारण, आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात!

म्युझियममध्ये शर्ली नावाच्या सत्तरीच्या बाई हौसेने काम करतात. कशालाही ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘झकास’. त्यांनी सांगितलं की त्या जहाजावर आजारी आणि जखमी माणसं खच्चून भरलेली होती. वादळ येऊ घातलं होतं. कप्तान काही खलाशांना घेऊन टेकडी चढून याच घरी आला, अजून दोन दिवस द्या म्हणाला. अधिकाऱ्याने दारातच सांगितलं, उद्या चारपर्यंत. जहाज चारला सुटलं ते कुठेच पोचलं नाही. अधिकाऱ्याला सरकारकडून शाबासकी मिळाली म्हणे. मी म्हटलं, नियमाने वागला बिचारा. शर्लीबाई यावर स्वीट अ‍ॅज म्हणाल्या नाहीत.

२ मे
दुपारी चारच्या सुमाराला दार वाजतं. अगदी अदबीने, कुणीतरी साहेबाच्या केबिनवर वाजवावं तसं. उघडलं तर कुणी नसतं. बाक मात्र ओला, खाली कोळशाची भुकटी. वारा असेल म्हणून सोडून दिलं, पण वारा अदबीने कशाला दार वाजवेल? शर्लीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, या घरात हिवाळ्यात कुणी टिकत नाही. मी फडकं घेतलं, बाक पुसला, चहा टाकला.

९ मे
इथल्या महाराष्ट्र मंडळाचं जेवण होतं. कल्याणीवहिनी कोशिंबीर वाढत होत्या आणि बाही वर सरकली. मनगटावर चार बोटांचे निळे वळ. पंगतीतल्या सगळ्यांनी पाहिलं. चारुदत्त हसत म्हणाला, आमची ही धांदरट, कपाटावर काय आपटते, दारावर काय आपटते! सगळे हसले.

मीही हसलो. वर कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटाचं कौतुक केलं. येताना बसमध्ये स्वतःचीच लाज वाटत होती. पण नवरा-बायकोच्या मध्ये पडणारे आपण कोण?

१५ मे
आज चारला दार वाजलं तेव्हा मी उठलोच नाही. पुन्हा वाजलं. मग बाहेरून मराठीत हाक आली, दादा, मी आहे.

कल्याणीवहिनी. ओठ फुटलेला, हातात एक पिशवी, खाली उतारावर त्यांची गाडी. म्हणाल्या, बहीण मंदाताई वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला असते, ती परवा सकाळी विमानाने येतेय, मग दोघी पोलिसांकडे जाऊ. तोवर राहू द्या. मंडळातल्या कुणाच्याही घरी तो शोधेल, इथे नाही यायचा.

मी ‘रहा की’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, फक्त उद्या चारपर्यंत.

आवाज माझाच, पण सरकारी. मी स्वतःच दचकलो. दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना एवढंच अपेक्षित होतं.

संध्याकाळी चारुदत्तचा फोन. कल्याणी तिकडे आलीय का? ज्या माणसाच्या दुलईत मी झोपतो त्याच्याशी खोटं कसं बोलू? एकीला थारा दिला, तर दुसऱ्यालाही काही द्यायला नको? सांगितलं त्याला, आहे, उद्या चारला निघेल, तोवर इकडे फिरकू नकोस, मला माझ्या दारात तमाशा नको. त्याने आभार मानले. आणि मला वाटलं, वा, काय छान तोल सांभाळला!

१६ मे
वहिनींना काही सांगितलं नाही. सँडविच आणि थर्मासभर चहा दिला, रस्त्यापुरता. त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बूट घालत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, दादा, अजून एक रात्र? मी घड्याळाकडे पाहिलं.

बाकावर त्या एकट्या नव्हत्या. शेजारी माणसं बसली होती, ओळीने, चिंब भिजलेली, टोप्या मांडीवर. वहिनींना ती दिसत नव्हती. मला दिसत होती. ती सगळी माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, नुसती वाट बघत.

मी दार लावलं.

खिडकीतून दिसलं, तिची गाडी उतारावरून गेली. कोपऱ्यावर चारुदत्तची गाडी उभी होती, ती मागोमाग निघाली. मी पडदा ओढला.

१७ मे
डोंगरावरच्या वळणावरून वहिनींची गाडी समुद्रात. बातमीत अपघात म्हणाले. अपघातच असेल. असू शकतो ना?

१९ मे
पोलीस बाई आली होती. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, फार सौम्यपणे विचारलं, कुणी मागे होतं का, काही पाहिलंत का. मी म्हणालो, मला काही कल्पना नाही, मी दोघांचाही मित्र.

चारुदत्तचा फोन. ढसाढसा रडला. म्हणाला, तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं.

शिसारी आली. त्याची नाही, माझी.

२२ मे
मंदाताई आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, ती इथे आहे हे कुणाला कळलं होतं का हो? नाही म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, शेवटची रात्र तरी ती बिनधास्त झोपली, तुमचे उपकार कसे फेडू.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी बोलायचं! त्या गेल्या, तरी मी दारात तसाच —

२३ मे
चार वाजता दार वाजलं. दादा, मी आहे.

उघडलं. केसांतून पाणी गळतंय. पायात एकच बूट. मागे ते सगळे. ये, रहा म्हणायला तोंड उघडलं — अगदी मनापासून — आणि म्हणालो, फक्त उद्या चारपर्यंत.

तिने मान हलवली.

२४ मे
पुन्हा तेच. ती रोज विचारते. मी रोज — तेच.

घर करतंय हे, तो जुना अधिकारी बोलतोय, असं स्वतःला सांगून पाहिलं. खोटं. तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. मंडळाच्या पंगतीत हाच हसला होता.

२५ मे
पोलिसांना फोन लावला. चारुदत्तची गाडी मागे होती, एवढंच सांगायचं होतं. चारुदत्तची — इथपर्यंत आलं. मग म्हणालो, काही नाही, मला काही कल्पना नाही, माफ करा. ठेवला.

शर्लीबाई दारापर्यंत येऊन गेल्या. बाकाकडे पाहिलं. रडायला लागल्या. बसल्या नाहीत.

२६ मे
तोंडावर रुमाल बांधून दार उघडलं. रुमालातून — तेच. ती ऐकते. थंडीने दात वाजताहेत तिचे, आणि तरी ऐकून घेते — शहाण्यासारखी — ओरड ना माझ्यावर, कल्याणी! शिव्या दे —

२७ मे
तोंड माझं राहिलं नाही. हात आहे. जे म्हणायचं ते इथे लिहायचं, पान फाडून तिच्या हातात द्यायचं. दुसरं पान मंदाताईंना. लाज वाटते, वाटू दे —

दार वाजतंय.

कल्याणी, आत ये. तू कधी निघणार ते मीच त्याला सांगितलं. त्याची गाडी मी पाहिली, पडदा मीच ओढला. तुझी चूक नव्हती, कुठेच नव्हती. सगळ्यांना घेऊन ये. शेगडीपाशी बसा. हे घर तुझं आहे, तू इथे रहा, हवे तितके दिवस रहा, कुणी काही म्हणणार नाही, तू रहा, कल्याणी, रहा, फक्त उद्या चारप