चाली कुणाच्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठवला अर्ज, सोबत फोनवरची सरावाची रेकॉर्डिंग! ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, लंच संपायच्या आत.

आणि खोटं लिहिलं. इथे तरी स्पष्ट लिहिते. ‘संगीतकार’ या रकान्यात मी माझं नाव टाकलं — सुनेत्रा. चारही पदं हेमावतीअक्कांची आहेत. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. मी फक्त नाच बसवलाय. पण प्रतिष्ठानचं हे रेकॉर्डिंगसाठीचं अनुदान चाळिशीच्या आतल्या संगीतकारांनाच मिळतं, आणि अक्का अडुसष्टच्या. दुसरीकडे चार ठिकाणी विचारून झालं. रेकॉर्ड केलेलं संगीत नसेल तर सभागृहवाले तारीखसुद्धा देत नाहीत.

अक्कांना सांगितलं नाही. ‘गायिका’ म्हणून त्यांचं नाव आहे. आहे ना!

५ फेब्रुवारी

अर्ज मागे घेता येतो का पाहिलं. वेबसाइटवर तसं बटणच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सिरुसेरीच्या ऑफिसातून अंबत्तूरला अक्कांकडे पोचेपर्यंत दोन तास गेले. अक्का दारातच — “येवोन येवोन आत्ता आलीस? कॉफी निवाली.” त्यांचं तंजावरी मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता ऑफिसात कुणी पुणेरी बोललं की तेच परकं वाटतं.

तिसऱ्या पदावर काम केलं. अक्कांच्या वरच्या मजल्यावरची तुळसी श्रीपेरुंबुदूरच्या फोनच्या कारखान्यात जाते, पहाटेच्या कंपनीच्या बसने. बसमध्ये चौघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतात. अक्कांनी तिच्याकडून हे ऐकलं आणि बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईने त्याचं पद केलं! पाच मात्रांचा ताल, मध्येच एक झोल. नाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

आज वरचा स्वर लागताना त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “गळ्यांत गाठ आहे. बारा मार्चास कापणार. डॉक्टर सांगतो, आवाज राहील, न राहील.”

 आणि लगेच, “त्याच्या आधी रेकॉर्ड होईल ना?”

होईल म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले?

१९ फेब्रुवारी

निवडक पाच जणांत आपण! मुलाखत २५ला. ‘संगीतकार आणि मुख्य गायिका, दोघींनी यावे.’

दोघींनी. 

२२ फेब्रुवारी

सरावात तीनदा सांगायचं ठरवलं. तीनदा कॉफीच मागितली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झाली मुलाखत. 

लांब टेबल, पलीकडे तिघं. अक्का पिवळ्या रेशमी साडीत, ताठ. मधले गृहस्थ मृदंगवाले असावेत, बोटं सारखी टेबलावर. पहिल्याच वाक्यात त्यांनी मला “संगीतकार” म्हटलं. मी अक्कांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

मग त्यांनी विचारलं, “तिसऱ्या पदात अर्धी मात्रा सुटते. ती का सोडलीत?”

मला माहीत नव्हतं! इतके महिने त्यावर नाचतेय आणि कधी विचारलंच नाही.  अख्खी खोली माझ्याकडे बघतेय.

अक्का शांतपणे तमिळमध्ये म्हणाल्या, “तिथे बसला स्पीडब्रेकर लागतो. झोपलेल्या बायका उचलल्या जातात, परत झोपतात.” आणि जरा थांबून, “असं हिनेच मला समजावलं होतं.”

तिघंही खूश. मृदंगवाल्यांनी तर टेबलावर वाजवून पाहिलं.

परतताना रिक्षात अक्का बाहेर बघत होत्या. स्टेशनवर उतरताना नुसतं “सरी, येते.” बरं, येते, इतकंच.

‘हिनेच मला समजावलं.’ हे मला वाचवणं होतं की थोबाडीत मारणं?

२६ फेब्रुवारी

दोनदा फोन केला. उचलला नाही.

२८ फेब्रुवारी

फोन त्यांच्या मुलाने घेतला, राणोजीने. “आई कमी बोलते आता. डॉक्टरांनी सांगितलंय.” खरं असेल. तरी मला ते माझ्यासाठीच वाटलं.

३ मार्च, सोमवार

मिळालं!!

स्टुडिओ ८ आणि ९ मार्चला. मृदंग, व्हायोलिन, बासरी, सगळे ठरले. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी! गुरुवारपर्यंत करारावर सही करायची. चौथं कलम — ‘सदर रचना संपूर्णपणे माझ्या स्वतःच्या आहेत.’

अक्कांना मेसेज केला. उत्तर — जोडलेल्या हातांचं चिन्ह. बस.

५ मार्च, बुधवार

सही झाली नाही माझ्याच्याने. पेन घेऊन बसले, दोनदा. रेकॉर्डवर कायमचं माझं नाव. त्यांचा आवाज उद्या गेला तर त्यांचं म्हणून उरणार काय? चालीही माझ्या झालेल्या!

सुट्टी टाकून मैलापूरला प्रतिष्ठानच्या ऑफिसात गेले. तिथल्या श्रीनिधी मॅडमना सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं!

 त्यांनी फाइल काढून एक कागद पुढे सरकवला. इंग्रजीत, बँकेतलं ते गोल, सुटं अक्षर — ‘मी, हेमावती, लिहून देते की या चारही चाली सुनेत्राच्या आहेत. माझा त्यांवर कोणताही हक्क नाही.’ तारीख २१ फेब्रुवारी.

“मुलाखतीचं कळवायला मी त्यांना फोन केला,” मॅडम म्हणाल्या, “तेव्हा संगीतकार म्हणून तुमचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः हे घेऊन आल्या. आता मी कुणाचं खरं धरू?”



६ मार्च, गुरुवार

अनुदान रद्द. दोन ओळींचा ईमेल. स्टुडिओही सुटला.

अंबत्तूरला गेले. वाटलं होतं, अक्का जवळ घेतील. खरं बोलले म्हणून! लाज वाटते हे लिहायला, पण तेच वाटलं होतं.

“कोण विचारलं तुजला?” इतक्या मोठ्याने की राणोजी आतून धावत आला. “नांव मजला नको होतं. मी सोडून दिलं होतं! मजला हा गळा ठेवायचा होता. त्या रेकॉर्डाच्या पेटीत, कायमचा. तू आपलं मन धुतलीस. माझं काय झालं?”

मी म्हणाले, माझ्या पैशाने करू, शनिवारीच करू, छोटा स्टुडिओ बघते.

“तुझ्या प्रायश्चित्तास मी गाणार नाही.”

राणोजीने दार लोटलं. हळूच, पण लोटलं. उतरताना तुळसी भेटली, कारखान्याच्या निळ्या कोटात. “पाट्टू रेकॉर्ड कधी?” म्हणाली. गाणं कधी रेकॉर्ड होणार. मी मान हलवली, कशीही.

९ मार्च, रविवार

आज चौथं पद झालं असतं.

फोनमधली सरावाची रेकॉर्डिंग ऐकली. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, आणि खूप तळातून अक्का. रंगमंचावर लावण्यासारखं काही नाही. एकही पुसलं नाही.

१२ मार्च

राणोजीचा मेसेज — ऑपरेशन झालं. गाठ साधी. आवाजाचं आत्ताच सांगता येत नाही.

मी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

३० मार्च, रविवार

सकाळी अक्कांच्या नंबरवरून फोन. “सुनेत्रे.” मी ओळखलंच नाही! जाड, खालचा, खरखरीत आवाज. पुरुषाचा म्हणावा असा.

“वरचा सा गेला,” म्हणाल्या. “जुनी चारही पदं ह्या गळ्यास बसत नाहीत. नवी करायला पाहिजेत. खाली चालणारी. मजला एकटीस होत नाही अत्तां. तू ये. दोघी बसून करू.”

निघाले.