परातीतला घट

भाद्रपद शु. १२, गुरुवार
पितृपक्षापूर्वी खरेदी उरकली. मुरबाडहून पितळी परात आणली. चांगली जड, काठाला वेलबुट्टी. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणतो, "आण्णा, हिचं पण हाफ तिकीट फाडू का?"
आमची ही वारल्यावर गतवर्षी घट माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने सांभाळला. आता तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून या वर्षीपासून घटाचा मान सौ. वसुधेकडे. सुनेच्या हातचा पहिला घट साध्या टोपलीत कसा मांडावा? परात हवीच होती.

आश्विन शु. १, सोमवार
घटस्थापना यथासांग. माती आपल्या खाचराच्या बांधावरची. सप्तधान्यातला भात घरचा, उरलेली सहा दुकानातली.
आक्का देवघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती. परात पाहताच: "टोपली कुठाय गो? आमी बांबूच्या टोपलीतच मांडायचो."
मी म्हणालो, "पितळ शोभते, आक्का."
"शोभतं त लग्नात वाढायला घे, दिगू."
वसुधा काही बोलणार होती. माझ्याकडे पाहून थांबली. तिने मोजून एक पळी पाणी घातले. आता नऊ दिवस घट हलवायचा नाही.

शु. ३, गुरुवार (तृतीयेची वृद्धी, आज दुसरी)
अद्याप एकही कोंब नाही. हिच्या वेळी एव्हाना माती भेगाळून वर आलेली असे.
बाहेर पाऊस धरून आहे. देवघरात किंचित आंबूस वास. उदबत्ती अधिक लावली.

शु. ४, शुक्रवार
वास उघड झाला. आक्का सकाळीच बोलली, तेही वसुधा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला निघताना, पायात चप्पल असताना.
"घट रुसला. शिकलेली सून, नि एक दाणा उगवंना. पुढल्या साली घट कल्याणला जाऊं दे, धाकट्या सुनेकडं."
वसुधा "येते" म्हणून गेली.
दिवसभर पोथीत लक्ष लागले नाही. आक्का या घरात सर्वांत वडील. तिचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. आणि घट एकदा कल्याणला गेला की

सायंकाळी. वसुधा आली ती हातपाय धुऊन, सोवळे नेसून थेट देवघरात. मला म्हणाली, "आण्णा, घट हलवणार नाही. फक्त बघते." दर्भाच्या काडीने कडेची माती सारली. काडीच्या खळग्यात लगेच पाणी भरले. परातीला ना छिद्र ना फट; वरून ओली दिसणारी माती खाली तळे होऊन बसली होती.
गहू फुगून पांढरा, मेलेला. हरभरा बोट लावताच विरघळला. मूग तसेच. आणि भात! भाताच्या प्रत्येक दाण्यातून पेराएवढा पांढरा, नाजूक कोंब वर निघालेला. मूळ मात्र एकालाही नाही.
"एरवी बी आधी मूळ सोडतं," वसुधा म्हणाली. "हे बुडालंय, ते भाताला कळलं. म्हणून त्यानं सगळं बळ वर जायला लावलंय. हवा लागली की मग मूळ धरेल."
मग तिने हळूच विचारले, "आक्का, मी रोज एकच पळी घालते. तुमी पण घालता का?"
"मग? दुपारी निवेद झाल्यावर देवीला तहान नाय लागत?"
मी म्हणालो, "अभिषेकाचे तीर्थ पायदळी जाऊ नये म्हणून मीही रोज परातीतच..."
थोरला मुलगा सुधीर दारातून: "मी निघताना फुलपात्रभर घालतो. पूजेला टाइम नसतो, तेवढंच पुण्य."
वसुधा पदर तोंडाला लावून हसली. आक्का हसली नाही. म्हणाली, "पाणी टोपलीतही सगळेच घालायचे. टोपलीतनं गळून जायचं."
ते खरे आहे. परात माझी.

शु. ५, शनिवार
पाणी कसे काढावे? परात कलती करता येत नाही. पुसून घ्यावे तर माती ढवळते. वसुधा माझ्या वातींच्या डब्याकडे बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "आण्णा, जाड वात वळाल? हातभर लांब?"
आयुष्यभर वाती वळल्या; इतकी जाड कधी नाही. तिने ती भिजवून एक टोक परातीच्या तळाशी दडपले, काठावरून आणून दुसरे टोक खाली वाटीत सोडले. क्षणभर काही नाही. मग एक थेंब. मग दुसरा.
घट जागचा हलला नाही, आणि वाटी भरू लागली. आम्ही दोघे जप मोजावा तसे थेंब पाहत बसलो.
तेव्हा मी विचारले: दाण्याला कान नाहीत, डोळे नाहीत, श्वासवायू सरला हे त्याला सांगतो कोण?
ती म्हणाली, कोणी सांगत नाही. रोपाच्या पेशीत एक प्रथिन सतत तयार होते आणि प्राणवायू आहे तोवर लगेच मोडून टाकले जाते. वायू संपला की ते मोडणे थांबते. मग ते उरते, साचते, आणि बिनहवेचे जगणे सुरू करा म्हणून पेशीला जागे करते. हा इशारा गव्हालाही मिळतो. पण साठवलेल्या पिठाची साखर करायला गव्हाला हवा लागते. भात ती हवेवाचून करून घेतो.
अभाव कळतो कसा, यावर आमच्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. घट दिसत नाही, म्हणून 'येथे घट नाही' असे जे ज्ञान होते, त्याला मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. मी वर्गात ते फळ्यावर लिहून शिकवले. आणि येथे एक भाताचा दाणा, मातीखाली, अभावावरूनच सारे जाणतो.
वसुधेला हे सांगितले. तिने दोनदा विचारून समजून घेतले. म्हणाली, "कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं आहे हे, आण्णा. सोमवारी पोरांना सांगते."
माझे शास्त्र तिच्या वर्गात जाणार. आज रात्री जेवण दोन घास जास्त गेले.

शु. ७, सोमवार
वास गेला. आज सगळ्यांनी मिळून एकच पळी. हा नियम वसुधेने केला, आक्काने ऐकून घेतला, मानला की नाही ते ठाऊक नाही. दुपारी ती तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती, परत फिरली.
मातीवर हिरवी टोके. फक्त भाताची.

शु. ९, बुधवार
आळीतल्या बायका आरतीला. एक म्हणाली, "अगं बया, नुसता भातच?" मी उत्तर द्यायला उठणार, तो वसुधाच उत्तरली: दाणे कसे बुडाले, कोण कसे तगले. कोणाचे नाव घेतले नाही. परातीचेही नाही. तीर्थ, निवेद, फुलपात्र, काहीच नाही. "पाणी जास्त झालं," एवढेच.
एक म्हातारी म्हणाली, "आपल्या भाताला पाण्याचं काय भ्या? आवणीला रोप लावल्यापासनं पाण्यातच उभा."
सगळ्या हसल्या. मला अभिमान वाटला: या मातीच्या भाताचा आणि या घरच्या सुनेचा. आक्का सारा वेळ वसुधेच्या तोंडाकडे पाहत होती.

दसरा, गुरुवार
घट उठला. भाताचे तुरे चार बोटे उंच, मुळे पांढरीशुभ्र, एकमेकांत गुंतलेली. देवाला वाहिले. माझ्या टोपीत खोवले, सुधीरच्या कानावर. वसुधेच्या केसांत आक्काने स्वतः तुरा माळला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा बसला.
कल्याणहून धाकट्या मुलाचा फोन. आक्का बराच वेळ बोलली. घटाविषयी काय, ते कळले नाही. दार लोटून घेतले होते.
सायंकाळी सोने वाटताना म्हणाली, "सापगावच्या बुरडाला टोपली सांगून ठेव, दिगू. आयत्या वेळी करून देत नाय तो."
मी विचारले, "कोणाच्या घरासाठी?"
तिने ऐकले न ऐकलेसे केले. वसुधेला हाक मारली. "वसू, इकडं ये गो. केवढी पायजे, हातानं दाव."