बाभळीची मोगरी

सेलू, रविवार, दिवेलागण

अंगठा अजून निळाच आहे, पण आज मी जिंकले!

पंधरा दिवस मी स्टूल करायला घेऊन, लाकडात भोकं पाडायची पटाशी लोखंडी हातोडीनं ठोकत होते. रिटायर झालेल्या बाईला सुतारकाम कशाला हवं, असं हे हसून म्हणाले होते. त्या हसण्यापायीच जोर जास्त लागला की काय? पटाशीची लाकडी मूठ फुटली आणि अंगठाही ठेचला.

मूठ बदलायला आज वालूरला गंगाराममामा सुतारांकडे गेले. फुटकी मूठ बघून ते म्हणाले, "बाई, हातोडी खिळ्याला. पटाशीला मोगरी लागती, लाकडाची." मग त्यांनी पटाशीला नवी मूठ बसवली, मोगरीसाठी मोडक्या वखराचं बाभळीचं खोड कापलं आणि त्याला दांडा बसवला. "वावरात राबलेली बाभूळ हाय, तडकत न्हाई. ठोकताना तुमी कुठं बघता?"

"मुठीकडे. नाहीतर अंगठा जातो."

"मोगरीचं तोंड रुंद हाय, नेम चुकत न्हाई. तुमी धारेकडं बघा."

धारेकडे! जन्मभर पोरांना फळ्याकडे बघा म्हणत आले आणि मीच भलतीकडे बघत होते.

घरी आल्या आल्या स्टुलाच्या चौथ्या पायासाठी भोक पाडलं. एकदाही नजर वर नेली नाही. पाय असा गच्च बसला म्हणता!

त्याच स्टुलावर बसून हे लिहितेय. जरासं डुगडुगतंय, डुगडुगू दे. ह्यांनी दोनदा विचारलं, "मी बसून बघू का?"

म्हटलं, अंगठ्याचा निळा रंग जाईपर्यंत नाही.