नाकाच्या कडेचं तेल

आबा, तुमच्या बोटाचा स्पर्श अजून मला नाकाच्या कडेला जाणवतो. शाहूपुरीतल्या आपल्या फोटोच्या दुकानात निगेटिव्हवर ओरखडा दिसला की तुम्ही आधी स्वतःचं नाक चोळून बघायचात. वयानं तुमची कातडी कोरडी पडलेली. मग मला हाक यायची. मी पंधरा-सोळाची, कपाळ-नाक सदा तेलकट, गालांवर पुटकुळ्या. माझ्या नाकाचं तेल बोटावर घेऊन तुम्ही ओरखड्यात जिरवायचात, आणि फोटो निघाला की ओरखडा गायब. खोबरेल का चालत नाही, असं विचारलं तर म्हणालात, ते पसरतं. यात मेणासारखं काहीतरी असतं, ते बसतं. आई त्या तेलाचा सगळा दोष शेंगदाण्यांना द्यायची आणि माझी मूठ उघडून दाणे काढून घ्यायची. वर्गात मुली हसायच्या. दुकानात मात्र तोच चेहरा कामाचा होता, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

म्हणूनच स्थळांना दाखवायला माझा फोटो काढलात तेव्हा मी निर्धास्त होते. तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून एकेक पुटकुळी बुजवलीत. तसं तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांचं करायचात. कबनूरचे पाहुणे तो फोटो घेऊन आले. मुलाच्या आईनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पावणं, ह्या फोटोतली पोरगी कुठं हाय?"

तुम्ही मान खाली घातलीत. हीच माझी लेक हाय की, एवढंसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही. चहा तसाच ठेवून ते गेले. त्यानंतर तुम्ही मला तेलासाठी कधी बोलावलं नाहीत. मला तेच जास्त लागलं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली. एकदा डॉक्टर म्हणाले, हे तेल वयात येताना वाढतं, उतारवयात आटतं, शेंगदाण्यांना उगाच बोल लावतात. तोवर आई गेली होती, सांगणार कुणाला. पण तुम्हाला माझा चेहरा खरंच लपवावासा वाटला, की हात सवयीनं चालला, हे कोणता डॉक्टर सांगणार?

काल तुमच्याच चेहऱ्याची एक निगेटिव्ह सापडली. भुवईपासून ओठापर्यंत ओरखडा. मी नाक चोळलं, बोट कोरडंच. समोर नात बसली होती, कपाळ चमकत होतं, ती त्यावर पुन्हा पुन्हा पावडर थापत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आज फोटो ओरखड्यासकट काढून आणला. आबा, राग अजून गेलेला नाही. तरी तुमचा चेहरा मला आहे तसाच हवा आहे.