चोवीस डोकी आणि एक पिवळा स्वेटर

३ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस झाली! अजून पाच डोकी मिळाली की माझा प्रयोग संपला. माणसाला बसवायचं, वीस शब्द दाखवायचे, मधे थोडी गणितं घालून त्याचं डोकं उठवायचं, मग आठवतील ते शब्द लिहायला लावायचे. चाळीस मिनिटं. तिसऱ्या वर्षाचा निम्मा निकाल यावर.

मेंदूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा वाटलं होतं, मेंदू बघायला मिळेल. अडीच वर्षांत एकदाच पाहिला, तोही बरणीत. बाकी सगळा वेळ व्हरांड्यात उभं राहून "चाळीस मिनिटं आहेत का हो? कॉफीचं कूपन मिळेल!" असं ओरडण्यात गेला.

आईचा फोन. "पिवळा स्वेटर घालतेस ना?" हो म्हटलं. घातला नव्हता. देवा, किती खोटं बोलायचं एका स्वेटरपायी!

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एक हिरा सापडला. टोपीवाला मुलगा. वीसपैकी एकोणीस शब्द!

मग सगळे आकडे मांडून बसले. पहिल्या आठवड्यात एक दाढीवाला आला होता, त्याला अकरा आठवले. नंतर एक चष्मेवाला – चौदा. मग मफलरवाला – सतरा. आणि आजचा हा टोपीवाला. चौघेही मुखदुर्बळ. मान डोलावतात, लिहितात, कूपन घेतात, पसार होतात. पण आकडे बघा कसे चढत गेलेत! परीक्षा जवळ येईल तशी स्मरणशक्ती धारदार होत जाते, असा माझा सिद्धांत. कुणाला सुचला नसेल. शुक्रवारी बाईंना दाखवणार. बाई म्हणजे माझ्या प्रयोगाच्या मार्गदर्शक. आजवर त्यांनी मला "बरं" याच्या पुढे शाबासकी दिलेली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भोंगा रुसली आहे. भोंगा म्हणजे माझी रूममेट. तिचा आवाज तिच्याआधी दोन मिनिटं खोलीत येतो, म्हणून भोंगा.

झालं असं – दुपारी मी वाचत होते. एक बारीक केस कापलेली मुलगी दार उघडून आत आली, भोंगाच्या पलंगावर सरळ बूट काढून बसली. म्हटलं काय आगाऊ! मी म्हणाले, "ती नाहीये, संध्याकाळी ये." ती नुसती बघत राहिली. मी म्हणाले, "आणि पलंगावरून ऊठ जरा, तिला आवडत नाही." तर तिने वहीच्या पानावर लिहून दाखवलं – "मीच आहे, बावळट! घसा बसलाय."

आता केस कापून, घसा बसवून, कुणी न सांगता आत आलं तर माणसाने काय समजायचं? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वहीत पुढे लिहिलं, "सगळे म्हणतात ते खरंय. शिष्ट आहेस तू."

शाळेपासून ऐकते आहे हे. रस्त्यात ओळख देत नाही, नाक वर करून चालते. राणीसरकार म्हणायचे मला. मी काही मुद्दाम करत नाही. मला खूप वाईट वाटतं, पण सांगायचं काय?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं सगळं.

बाईंनी माझा आलेख पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग चौघांचे अर्ज मागवले. चार नावं, चार पत्ते, आणि फोन नंबर एकच.

"हा एकच मुलगा आहे," बाई म्हणाल्या.

मला कळेचना. म्हटलं, "नाही, एकाला दाढी होती."

"दाढी काढता येते."

मग बाई इतक्या हळू बोलल्या की ओरडल्या असत्या तर बरं. "तो तुझ्यासमोर चार वेळा चाळीस-चाळीस मिनिटं बसला. आणि तुझ्या लक्षात आलं नाही? की आकडा भरायचा होता म्हणून चालवून घेतलंस?"

नाही हो बाई! कितीदा म्हणाले. पण बाईंच्या जागी मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. सोमवारी विभागाच्या चौकशी समितीसमोर जायचं आहे. लबाडी ठरली तर वर्ष गेलं. आणि नावावर कायमचा डाग.

८ फेब्रुवारी, शनिवार

त्या चोराला धरायला कँटीनमध्ये जाऊन बसले. तास झाला. पंचवीस-तीस मुलं आली गेली, टोपी एकाचीही नाही. शेवटी त्या नंबरवर फोन लावला. म्हटलं, आहेस कुठे?

"तुमच्या समोर," तो म्हणाला.

खरंच समोर होता. त्याच टेबलावर, पाव खात.

गणिताचा विद्यार्थी. बोक्यासारखा निवांत, म्हणून याचं नाव बोका. कॉफीसाठी काय वाटेल ते करेल. मी फाडफाड बोलून घेतलं तर म्हणतो, "पण ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! तुम्ही डोळेझाक करताय! चौथ्या वेळी तर मी टोपी सोडून काहीच बदललं नव्हतं. आणि यादीसुद्धा तुम्ही दर वेळी तीच देत होता."

म्हणजे परीक्षा जवळ आल्याने स्मरणशक्ती धारदार होत नाही. यादी चौथ्यांदा वाचल्याने होते.

समितीसमोर येऊन खरं सांगीन म्हणाला. फक्त वाटेत कॉफी घेऊ म्हणाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

बोक्याने खरं सांगितलं आणि माझं वाटोळं केलं. "मॅडमनी मला एकदाही अडवलं नाही. फार चांगल्या आहेत." यावर समिती काय समजणार?

पण त्याच्याही आधी मी स्वतःच माती खाल्ली. खोलीत शिरले तर मधल्या खुर्चीत एक कोटवाले गृहस्थ. मी अगदी काकुळतीला येऊन त्यांना सगळी हकिकत सांगितली – सर, माझं वर्ष वाया घालवू नका, सर, मी लबाडी केलेली नाही. ते ऐकत होते, मान हलवत होते, मधेच "अरेरे" म्हणाले. मग म्हणाले, "बाई, मी प्रोजेक्टर दुरुस्त करायला आलोय."

विभागप्रमुख माझ्या मागे दारात उभे होते. गेल्या वर्षी सहा महिने त्यांनी आम्हाला शिकवलं आहे. पण वर्गात ते नेहमी निळं जाकीट घालायचे. आज जाकीट नव्हतं!

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी सकाळी बोलावलं. संगणकावर वीस फोटो. केस, कान, कपडे सगळं कापलेलं, नुसते चेहरे. "यातले सगळे तुझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. नावं सांग."

तीन बरोबर. एकाच्या गालावर व्रण होता, एकाचा दात पडलेला, आणि एक उगीच ठोकून दिला.

सातव्या फोटोवर फार विचार केला. शेवटी म्हणाले, "कुणीतरी चिडकी मास्तरीण असावी."

"ती मी आहे," बाई म्हणाल्या. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं. काहींच्या मेंदूला चेहरा धरून ठेवता येत नाही. जन्मापासून. नजर ठणठणीत, बुद्धी ठणठणीत, फक्त चेहरा निसटतो. हा धडा आम्हाला दुसऱ्या वर्षाला होता! मी त्यावर दहापैकी नऊ गुण मिळवलेत! पण तो आजार दुसऱ्या कुणाचा तरी, पुस्तकातल्या माणसाचा होता. मला वाटायचं सगळेच लोक एकमेकांना केसांवरून, चालीवरून, आवाजावरून ओळखतात. चेहऱ्यावरून कसं ओळखणार? दोन डोळे, एक नाक, एक तोंड – सगळ्यांचं सारखंच तर असतं.

बाईंच्या खोलीत रडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि "बरं" म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भोंगाला सांगितलं. घसा सुटल्याच्या आनंदात ती इतकी हसली की शेजारच्या खोलीने भिंत ठोकली. "म्हणजे तू मला कधी पाहिलंच नाहीस!" आता खोलीत शिरताना दर वेळी "भोंगा आली होऽ" म्हणून ओरडते. अति झालं आहे.

समितीचं पत्रही आलं. म्हणे, फोटो बघून चुकीची उत्तरं कुणीही देईल. तेही खरंच. लहानपणापासून मला पाहिलेल्या माणसाचं लेखी पत्र हवं, की ही आधीपासून अशीच आहे. सतरा तारखेपर्यंत. पत्र आलं तर प्रयोग पुन्हा करायला मिळेल. नाही आलं तर वर्ष बुडालं.

बाईंनी विचारलं, घरी अजून कुणाला असं आहे का? कधी कधी घराण्यात असतं म्हणे. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आणि आई? ती शिवणकाम करते. गिऱ्हाईक पाठमोरं असलं तरी तिला कळतं. "उजवा खांदा उतरता, ती डॉक्टरीण. कंबर आखूड, ती बँकेतली." दहा वर्षांपूर्वीचं माप तोंडपाठ. तिला कसलं काय असणार!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं.

"माझ्या मुलीत काही खोट नाही," आई म्हणाली.

"खोट नाही गं, मेंदूचा एक छोटा भाग –"

"असलं कागदावर लिहून देणार नाही मी. लोक काय म्हणतील? आईला ओळखत नाही म्हणतील. पुढे कुणी विचारेल, आईला तरी कळलं कसं नाही." आणि फोन ठेवला. मी ठेवायच्या आधी आईने फोन ठेवला असं आजवर झालेलं नाही.

मला भयंकर राग आला आहे. बावीस वर्षांची झाले तरी माझ्या अंगावर काय हवं ते ती ठरवणार, आणि मला काय झालंय तेही तीच ठरवणार! पाच स्वेटर आहेत माझ्याकडे, पाचही पिवळे. फिका, गर्द, लिंबासारखा, हळदीसारखा, आणि एक असा की भोंगा त्याला धोक्याची सूचना म्हणते. शाळेत सगळ्यांना करड्या टोप्या, मला एकटीला पिवळी. मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली तर आई त्यांच्याशी भांडून आली. एरवी कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारी बाई! वरून नियम – शाळा सुटली की मी फाटकापाशी उभी असेन, आधी तू हाक मारायची. मोठ्यांना लहानांनी आधी हाक मारावी म्हणे. आजही स्टँडवर उतरले की आधी मीच ओरडायचं.

शनिवारी स्वतः जाऊन पत्र आणणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आईचा निरोप – "ये. स्टँडवर घड्याळाखाली उभी राहते. पिवळा घालून ये, थंडी आहे."

भोंगाचा काळा कोट मागून घेतला. जाणार तर काळ्यातच! एकदाचं कळू दे तिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळाखाली कुणी नव्हतं. चिडून बाकावर बसले. मनात म्हटलं, पत्र द्यायचं नाही म्हणून आलीच नाही. शेजारी डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई गुडघा चोळत बसली होती. तीही कुणाची तरी वाट बघत होती. बस आली की उठायची, उतरणाऱ्या एकेकीकडे बघायची, परत येऊन बसायची. दोनदा माझ्याकडेही बघितलं. मी सरकून जागा दिली. पाऊण तास.

मग आईला फोन लावला. तो त्या बाईच्या मांडीवर वाजला.

मग तिने माझ्या खांद्यावरून हात फिरवला, माप घेतात तसा. रडायला लागली. "पिवळा का नाही घातलास गं? रोज शाळा सुटायची, दोनशे पोरी बाहेर यायच्या. त्यातली माझी कुठली, ते मला दुसरं कशावरून कळणार होतं?"

पत्र तिने तिथेच, बाकावर बसून लिहिलं. खाली सही करताना मला विचारलं, "दोघींचं लिहू का?"