उंद्रीच्या फाट्यावर उतरलेला चालक

३ डिसेंबर, बुधवार
दिगंबर गेला. काल सायंकाळी माझ्याकडून परतताना त्याची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. जिल्हा परिषदेचा सदस्य, माझा विद्यार्थी. पन्नाशीही गाठली नव्हती. नावाआधी ‘कै.’ लिहिण्यास हात धजावत नाही.
निघताना वाकून नमस्कार केला. “गुरुजी, आज लय बोलणी खाल्ली तुमची.” हसत होता.

५ डिसेंबर, शुक्रवार
सर्वत्र एकच शब्द : घातपात. संशय त्याच्या चालकावर, उंद्रीच्या सिद्धार्थवर. तो वाटेत फाट्यावर उतरला आणि दिगंबर एकटाच पुढे आला, म्हणून. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावले. शेजारचे नामदेवराव सकाळीच ओट्यावर येऊन बसले.
“त्याले ठाव होतं गुरुजी. नाही तं नेमका तोच काऊन वाचला?”
“तर्क आणि पुरावा यांत अंतर असते.”
“हे तुमचं शाळेतलं झालं.”
दुसरी कुजबुज याहून वाईट. साहेब चालकाला उतरवून कोणाकडे जात असत?
उत्तर मला ठाऊक आहे. आणि मी शब्द दिलेला आहे.

७ डिसेंबर, रविवार
प्रत्येक मोठ्या सभेआधी दिगंबर भाषण घेऊन येई. मी खुर्चीत, तो समोर उभा. उच्चार चुकला की पुन्हा. मैदान गप्प करणारा माणूस माझ्यापुढे कान पकडे. हे चालकाने ऐकू नये म्हणून सिद्धार्थला चहाला उतरवून स्वतः गाडी घेऊन येई. पत्नीलाही सांगितले नव्हते. “लोकाईले वाटते साहेब जन्मजात वक्ते हायेत. वाटू द्या ना.”
निवृत्त झाल्यावर, आणि ही गेल्यावर तर अधिकच, या घरात कोणी मोठ्याने वाचत नव्हते. तो वाचे. त्याचे माझ्यावर किती उपकार, हे त्याला कळले नसेल. आता त्याचे गुपित राखू, की एका निरपराध्याचे

८ डिसेंबर, सोमवार
कालचे वाक्य अपुरे राहिले. आज सिद्धार्थनेच पुरे केले. आला, पायरीशीच थांबला.
“साहेब तुमच्याकडंच येत, मले माहीत होतं गुरुजी.”
“मग पोलिसांना का सांगितले नाहीस?”
“साहेब मले उतरवत, म्हंजे कोणाले कळू द्याचं नव्हतं. मी कसं सांगू?”

दुपारच्या बसने चिखलीस गेलो. ठाण्यात जबाब दिला : तो कोठे येई, का येई, एकटा का येई. अपघात की घातपात, हे विचारले; ठाऊक नाही, असे सांगितले. नंतर दिगंबरच्या घरी. त्याच्या पत्नी सुनंदाबाईंनी सगळे ऐकले, आणि रडता रडता हसल्या. “न्हाणीत एकटेच बोलत. मी म्हणे, माणसाच्या डोक्यावर ताण हाय.” मग हात जोडून, “लोकाईनं काय काय सांगतलं होतं मले, गुरुजी. बरं झालं तुम्ही आले.”
दिगंबरा, शब्द मोडला. तूही मोडला असतास.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सुनंदाबाई आल्या. गाडी सिद्धार्थनेच आणली. उद्या शोकसभा. कार्यकर्त्यांनी त्यांना वाक्य पढवले आहे : ‘माझ्या पतीचा खून झाला.’ अपघातातल्या गाडीच्या मागील दारावर दुसऱ्या वाहनाचा पांढरा रंग लागलेला आढळला आहे. केव्हाचा, हे पोलीस सांगत नाहीत.
“त्या दिवशी दुपारी मी गाडी पुसली,” सिद्धार्थ म्हणाला. “तवा नव्हता.”
“मी काय बोलू गुरुजी?” सुनंदाबाईंनी विचारले.
“ठाऊक आहे तेवढेच.”
सिद्धार्थ सवयीने फाटकाकडे वळला. “कुठं चालला?” त्या म्हणाल्या. “बस इथं. तू बी आईक.”
मग दिगंबर उभा राही तेथे त्या उभ्या राहिल्या.
“माझे मालक कसे गेले, हे मले अजून कळलं नाही. कळेपर्यंत मी विचारत राहीन.”
“पुन्हा एकदा,” मी म्हणालो. चूक काढायची नव्हती.